बोटावरचा आकडा

आमच्या घरात डोंगर चढणारे एकटे हे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यातली वीसेक वर्षं मी यांच्या बुटांचा चिखल काढला आणि पाहुण्यांना यांचे फोटो दाखवले. डोंगरात खूप उंचावर असलेल्या एका तळ्याची सहल ठरली, तेव्हा मात्र मी म्हटलं, मीपण येणार. हे हसले. नणंदबाई म्हणाल्या, वहिनी, तुला दुकानाच्या माळ्यावर चढताना धाप लागते, तू कुठली तळ्यावर पोचतेस. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरला बसते आणि फ्रेमचे खोके माळ्यावर असतात. त्या दिवसापासून प्रत्येक खोका मीच खाली आणायला लागले, गिऱ्हाईक असो वा नसो. आठ महिने. मालक म्हणाले, बाई, माळा झिजेल.

तळंच का, हे मला धड सांगता येत नाही. दिवसभर मी लोकांच्या नाकावर चष्मा ठेवून विचारते, आता दिसतंय का, लांबचं दिसतंय का. स्वतः लांबचं काही पाहिलं नव्हतं, एवढंच.

वाट पाच दिवसांची होती. तीन दिवस चढ, चौथ्या दिवशी सकाळी तळं आणि मग उतार. आम्ही सहाजण, एक आचारी आणि एक वाटाडे. त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण ते उठता बसता हजेरी घेत. त्यांची एक पद्धत होती. सगळ्यात हळू चालणाऱ्याला रांगेत सगळ्यात पुढे ठेवायचं, म्हणजे बाकीचे त्याच्याच चालीनं चालतात. पहिल्या दिवशी अर्थातच पुढे मी. माझ्या मागून हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर, आमच्या इंजिनाला कोळसा कमी पडतोय." सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांनी मला मागे धाडलं आणि यांना पुढे घेतलं. या वेळी कोणी हसलं नाही. मला हसू आलं होतं, ते मी मफलरमध्ये दाबलं.

रोज संध्याकाळी जेवणाच्या तंबूत आकडा घ्यायचे. बोटाला लावायची एक छोटी चिमटी, ती रक्तातला ऑक्सिजन सांगते. चिमटी रांगेनं फिरायची, ज्यानं त्यानं आपल्या बोटाला लावून आकडा मोठ्यानं वाचायचा आणि मास्तर वहीत लिहायचे. ऐंशीच्या खाली आला की वर जायचं नाही, खाली उतरायचं. वाद नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाआधी यांनी मला बाजूला घेतलं. डोकं दुखतंय हे मला सकाळपासून कळलं होतं, कारण इंजिनाचा विनोद परत झाला नव्हता. म्हणाले, बोटं गार पडलीत, आकडा उगाच कमी येईल. तुझे हात गरम असतात. शेजारी बस.

माझे हात खरंच गरम. सासूबाई म्हणायच्या, हिच्या हाताखाली कणीकसुद्धा घाबरून सैल पडते.

तंबूत उजेड कमी, आणि थंडीमुळे आमच्या दोघांच्या मांडीवर एकच ब्लँकेट. चिमटी माझ्याकडे आली. मी वाचला, एकोणनव्वद. चिमटी माझ्याच बोटावर राहिली. हे ब्लँकेटखाली वाकून बघत म्हणाले, नव्वद. माझ्याच बोटावर माझ्यापेक्षा एक जास्त.

आता खरं लिहिते. ते बोट मी यांच्या प्रेमापोटी दिलं नाही. यांना उतरवलं असतं तर मी यांच्याबरोबर उतरणार हे आमच्या घरात कोणी विचारायचीही गरज नव्हती. मी बोट दिलं ते तळ्यासाठी.

तिसऱ्या दिवशी हे एका दगडामागे जाऊन ओकले आणि आचाऱ्याच्या आमटीला नावं ठेवत परत आले. मुक्कामाला पोचल्यावर बुटाची नाडी सोडायला बसले. नाडी हातात धरली आणि तिच्याकडे बघत राहिले. मला नणंदबाईंच्या नावानं हाक मारली. मग पुन्हा तीच हाक.

तळं तिथून अडीच तासांवर होतं. मास्तरांनी खिंड दाखवलीही होती, त्या खिंडीपलीकडे. मी खिंडीकडे एकदा बघितलं आणि मास्तरांकडे जाऊन सगळं सांगितलं, फक्त बोट यांनी मागितलं होतं एवढं सोडून.

त्यांनी यांची बोटं चोळून गरम केली आणि चिमटी लावली. अडुसष्ट. सरळ रेषेत चालायला सांगितलं तर हे तिसऱ्या पावलाला कलंडले. मास्तरांनी आचाऱ्याला सामान बांधायला सांगितलं, अंधाराच्या आत यांना खालच्या मुक्कामावर न्यायचं म्हणून.

मी विचारलं, "आचारी नेतायत यांना, तर मी थांबू का? मला काही होत नाहीये."

सव्वीस वर्षांत मी असं कधी विचारलं नव्हतं. यांनी तशा अवस्थेतही मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मास्तर वही मिटत म्हणाले, "थांबला असतात, ताई. रांगेत तुमच्यासारखं चालणारं कोणी नव्हतं. पण काल एका बोटावर दोन माणसं बसवलीत तुम्ही. आता तुमचा आकडा मी कोणाचा समजू?"

मी यांची पिशवीही पाठीला लावली आणि उतरले.

खाली दाट हवेत हे सकाळपर्यंत टवटवीत झाले. तीन पोळ्या खाल्ल्या. म्हणाले, एवढं काही नव्हतं, तुलाच दम निघाला नाही. घरी आल्यावर नणंदबाई म्हणाल्या, मी म्हटलं नव्हतं, वहिनीला झेपायचं नाही? हे चहाच्या कपात बघत होते. कपात बराच वेळ बघण्यासारखं काहीतरी असावं.

महिन्याभरानं सहलीवाल्यांची दोन पत्रं आली. आजारपणामुळे परतलेल्यांना पुढच्या मोसमात जागा राखून ठेवू, हे यांना. खोटा आकडा देणाऱ्यांना पुन्हा नेत नाही, हे मला. दोन्ही पत्रं नियमाप्रमाणे बरोबर होती. मी यांना म्हटलं, त्यांना लिहा की बोट मी तुमच्या सांगण्यावरून दिलं. हे म्हणाले, लिहितो. नंतर म्हणाले, लिहिलं तर मलाही नेणार नाहीत, मग दोघांचंही राहील. त्यात काय अर्थ?

पुढच्या मोसमात हे गेले, जपून चढले, आणि पोचले.

परत आल्यावर नणंदबाई जेवायला आल्या. त्यांनी विचारलं, कसं होतं रे तळं? हे म्हणाले, खास काही नाही, डबकंच म्हण मोठं. नंतर भांडी घासताना माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि अगदी मायेनं म्हणाले, "तुझं काही गेलं नाही गं. खरंच बघण्यासारखं नव्हतं."

माझी समजूत काढत होते, हे कळत होतं मला. मी नळ मोठा केला. डबकं असेलही. पण ते डबकं आहे, हे मला स्वतः बघून म्हणायचं होतं.