उतरलेला खांदा

"फीत लागते नवशिक्याला," दाजी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. "मला नुसत्या डोळ्याने सुताचा फरक कळतो. साहेब, तुमचा डावा खांदा उतरलाय. आजवर कुणी सांगितलं नाही?"

कुणीच सांगितलेलं नसायचं. माणूस आरशात बघायचा, आणि एकदा कानावर पडल्यावर कुणाला आपला खांदा सरळ दिसतो? मग दाजी कोटाच्या डाव्या खांद्यात जादा पॅड घालायचे. ते भरायचं काम माझं. मी त्यांचा मेहुणा. दुकानात इस्त्री, काजं आणि बोलणी खाणं ही तिन्ही खाती माझ्याकडे.

मग एका हॉटेलच्या दारवानांचे अठरा कोट आले. दाजींनी अठराही जणांना समोर उभं केलं आणि अठराही डावे खांदे उतरलेले निघाले.

"दाजी, सगळ्यांचेच?"

"बॅगा उचलतात ना."

"सगळे डाव्याच हाताने?"

"तू इस्त्री बघ. जळेल काहीतरी."

मंगळवारी कोट गेले. बुधवारी हॉटेलचा मॅनेजर कपड्यांच्या ढकलगाडीत घालून अठराही परत घेऊन आला.

"मास्तर, पाहुणे विचारतात, खोली मिळेल का? आणि माझी माणसं खांदा उडवून उभी! जणू म्हणतायत, आम्हाला काय माहीत!" मग तो थबकला. दाजींकडे बघत राहिला. "तुम्ही जरा सरळ उभे राहा बघू."

"उभाच आहे की."

मी फीत काढली. दाजींचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली होता आणि मान त्याच बाजूला कललेली. जग वाकडं नव्हतंच. दाजी तिरके उभे राहून बघत होते.

मॅनेजरने नवं कापड आणि एक महिना दिला. तेवढ्यात सरळ कोट जमले नाहीत तर कापड दुसऱ्या शिंप्याकडे जाणार. आणि ही गोष्ट गावभर झाली, तर दाजींकडे पुन्हा कोण कोट टाकणार? घरी तर आता कुणीच नव्हतं. कात्री गेली की माणूस दिवसभर करणार काय?

मी दाजींना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. "मणके छान आहेत. सांधेही."

"म्हणजे मी ढोंग करतोय?"

"नाही हो. कापड कुठे फाटलेलं नाही, पण शिवण एका बाजूने ओढली गेली की कोट वाकडा बसतो ना? तसं झालंय. मोडलेलं काही नाही, काम बिघडलंय. स्नायू एकच ओढ धरून बसलेत. डाव्या बाजूला काय वजन उचलता?"

"सुई," दाजी म्हणाले.

"माझ्या बहिणीला," मी म्हणालो.

ताईचे पाय गेल्यापासून सहा वर्षं रोज सकाळी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात. तिचा हात दाजींच्या डाव्या खांद्यावर, आणि तिला ताण पडू नये म्हणून दाजी त्या बाजूला झुकलेले. ती चिडवायची, "काय मास्तर, झेपतेय ना?" दाजी म्हणायचे, "जाड झालीस." शेवटी शेवटी ती कापडाच्या तागाएवढी राहिली होती, तरी रोज तेच म्हणायचे.

"तिला जाऊन चौदा महिने झाले," दाजी डॉक्टरांना म्हणाले.

"तुमच्या पाठीला कुणी कळवलेलं दिसत नाही."

व्यायाम साधा होता. भिंतीला टाचा, पाठ, डोकं टेकवून उभं राहायचं, खांदा सैल सोडायचा, मग त्याच ताठपणाने चालायचं. दाजी दुकानात माझ्यासमोर करायचे. पण मी पाठ वळवली की परत तिरके.

"दाजी, करायचं तर धड करा! अर्धा महिना गेला."

"तुझं काय जातंय बोलायला." ते भिंतीकडेच बघत होते, हात डाव्या खांद्यावर. "असा सरळ उभा राहिलो की इथे रिकामं लागतं. सहा वर्षं ती इथे होती. सरळ झालो की उतरली."

हातातली इस्त्री तशीच राहिली आणि एक कॉलर जळाली. दाजींनी पहिल्यांदाच शिवी दिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी व्यायाम मनापासून केला. चौथ्या आठवड्यात मी फीत लावली. दोन्ही खांदे एका रेषेत. दारवानांना पुन्हा बोलावलं. दाजी एकेकाला न्याहाळत गेले.

"सगळे सरळ आहेत रे," ते म्हणाले, आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत.

कोट नव्याने कापायला घेतले. पहिला मॅनेजरला दाखवला. तो बेतशीर बसला. शनिवारी सतरावा कापून झाला. संध्याकाळी दुकानाची पायरी उतरताना दाजी जुना डावा झोक सावरायला गेले आणि तोल जाऊन उजवीकडे पडले. कात्रीच्या हाताचं, उजवं मनगट मोडलं. अठरावा कोट कापायचा राहिला.