गळ्यावरचे टाके

सोमवारी सकाळी चंद्रव्वा मंद्रूपहून आली, तेव्हा तिचा भीमाशंकर शुद्धीवर होता. सोलापुरातल्या एका धर्मार्थ इस्पितळात विषमज्वराने तो अठरा दिवस पडून होता. आईने आणलेल्या अंबिलीचे दोन घोट घेऊन, "खारट झालीय की," म्हणून त्याने तोंड वाकडे केले. पोरगा नावे ठेवू लागला म्हणजे बरा होणार, असे वाटून माउली हसली.

भेटीची वेळ संपली आणि तिला व्हरांड्यात बसवले. बाराच्या सुमारास वॉर्डबॉयने येऊन सांगितले, "तुमचा पोरगा गेला. गाडी आणा." तिला पुरते रडूही न देता बाजारात दिराकडे पिटाळले. ती परत येईपर्यंत दोन तास गेले. तेवढा वेळ प्रेत मागच्या खोलीत होते, आणि तरुण डॉक्टर वेणीमाधवही तिथेच होता.

वेणीमाधव वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगतो. गेल्या श्रावणात घटसर्पाने गुदमरणाऱ्या एका मुलीचा गळा उघडून श्वासाला वाट करून देताना त्याचा हात चुकला होता, आणि पोर टेबलावरच गेली होती. "जिवंतावर चुकायचं नसेल तर मेलेल्यावर शीक. सगळे असेच शिकतात," असे वरिष्ठ नारायणराव म्हणाले होते. खरे आहे, सगळे असेच शिकत. मात्र स्वतंत्र खोलीत वारलेल्या वकिलाच्या गळ्यावर आजवर कोणी शिकले नव्हते, एवढे सांगायचे नारायणराव विसरले.

त्या दुपारी हात चुकला नाही. भीमाशंकरच्या गळ्यात जन्मापासून असलेल्या इष्टलिंगाचा दोरा आडवा आला, म्हणून त्याने तो कापला. शेवटी चार टाके घालून चादर हनुवटीपर्यंत ओढली.

लिंगायतांत मृताला न्हाऊ घालतात, बसवून विभूती लावतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात. घरी न्हाऊ घालताना हात कपाळावरून गळ्याशी उतरला आणि चंद्रव्वाच्या बोटांना टाके लागले.

"शिवा शिवा! माज्या लेकराचा गळा कापलाय वो!"

"तापानं मेल्यालं मानूस," दीर गुरुबसप्पा पुटपुटला, "गळा कशाला कापत्यात?"

तिसऱ्या दिवशी चंद्रव्वा इस्पितळाच्या पायरीवर येऊन बसली. नारायणरावांनी वेणीमाधवला बाजूला घेतले. "श्वास अडकला होता, वाचवायला कापलं, असं सांग. जाईल बिचारी."

वेणीमाधव तिच्यासमोर उभा राहिला.

"डागदरसायेब, येवडंच सांगा. तुमी कापलं तवा माजं लेकरू जित्तं हुतं का? त्यानं मला हाक मारली का?"

खोटे बोललो तर आपण सुटतो, पण ही बाई जन्मभर आपल्या पोराला सुरीखाली तडफडताना पाहील, हे त्याला त्या क्षणी कळले.

"नाही, मावशी. तो आधीच गेला होता. त्याला काही दुखलं नाही. मी कापलं ते शिकण्यासाठी. तुम्हाला न विचारता."

चंद्रव्वाने पदर तोंडात कोंबला.

"दुखलं न्हाय... बरं झालं," ती म्हणाली. "पर मी येईस्तवर थांबायचं हुतं की. इचारायचं हुतं."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"व्हय, न्हायच म्हनले असते. पर ते न्हाय माजं हुतं. त्याची आई हाय मी."

त्याच दिवशी वेणीमाधवने नारायणरावांना सांगितले की, यापुढे विचारल्याशिवाय तो कोणत्याही मृताला हात लावणार नाही. "मग घटसर्पाचं पुढचं पोर मारशील," ते म्हणाले. कदाचित त्यांचेच खरे ठरेल, या भीतीने त्याला जेवण गेले नाही.

मग त्याने करमाळ्याला आईला पत्र लिहिले. मला काही झाले तर माझे शरीर शिकणाऱ्या डॉक्टरांना द्यावे, तुझी संमती कळव. गोदावरीबाई शिकलेल्या, दानधर्म करणाऱ्या. त्यांचे उत्तर उलट टपाली आले: "असले अभद्र पुन्हा लिहू नकोस. माझ्या बाळाच्या अंगाला मी कोणाला सुरी लावू देणार नाही."

गोदावरीबाईंचा हा नकार सोलापुरातला एकही डॉक्टर मोडणार नाही. चंद्रव्वाला मात्र नकार देण्यापुरतेही कोणी थांबू दिले नाही.