आईची ओळ

"मावशी, गाणं बंद करा. तुमच्या गाण्यानं सगळ्यांचे हात ढिले पडतात," मुकादम बांधावरून म्हणाला.

आई वाकलेलीच होती. नांगरानं उलथलेल्या मातीतले चार बटाटे टोपलीत टाकून ती म्हणाली, "ढिले नाही पडत, मुकादम. श्वास घेतात."

बायका हसल्या. मुकादम हसला नाही.

तो दिवस इतर दिवसांसारखाच उजाडला होता. उघड्यावर पडलेला बटाटा उन्हानं हिरवा पडतो, म्हणून नांगर फिरला की लगेच रान वेचून व्हायला हवं होतं. यंदा मुकादमानं त्यावर उपाय काढला होता. ट्रॅक्टरवर भोंगा बांधून तो उडत्या चालीची सिनेमाची गाणी लावायचा. गाणं पळालं की हातही पळायचे, आणि ते कुणाच्या ध्यानातही यायचं नाही.

आईच्या ध्यानात आलं होतं. तिच्या शेजारच्या ओळीत गावातल्या एका घरची नवी सून होती. सातवा महिना, घरी नवरा पाय मोडून पडलेला. "जिची ओळ मागं राहील तिनं उद्या येऊ नये," असं मुकादमानं सकाळीच बजावलं होतं. सून मागं पडू लागली की आई आपलं संथ गाणं धरायची. बायका ते झेलायच्या, आणि सगळ्या ओळी मिळून सावकाश चालायच्या. मागं राहायला मग कुणी उरायचंच नाही.

"तुमचं गाणं जुनं झालं आता," मुकादम म्हणाला.

"गाणं जुनं झालं, पण पाठ कुठं नवी मिळाली? तुमच्या सिनेमात आधी बैलगाडीची गाणी असायची, मग आगगाडीची, आता मोटारीची. आम्ही आपल्या वाकलेल्याच."

लेक पाण्याची कळशी घेऊन बांधावर उभी होती. ती शहरात ग्रंथालय सांभाळायची, सुट्टीला आली होती. देशाचा इतिहास त्याच्या गाण्यांत कसा उतरतो, यावर तिनं जाडजाड पुस्तकं वाचली होती. आईच्या गाण्यात तो तिला स्वच्छ दिसायचा. दुष्काळात रस्त्याच्या कामावर गेलेल्या आजीनं त्यात ओळ घातली होती,

*खडी फोडली मी ग, रस्ता नवा झाला*

आणि बाप कारखान्यात गेला तेव्हा आईनं त्याला जोड दिली होती,

*त्याच रस्त्यानं ग धनी माझा गेला*

कारखाना बंद पडल्यावर बाप परत आला, तो मरेपर्यंत फारसा बोललाच नाही. त्याचीही ओळ होती,

*भोंगा मुका झाला, धनी मुका आला*

आज आईनं ट्रॅक्टरकडे बघत नवी ओळ टाकली,

*एक भोंगा मेला ग, दुसरा रानी आला*

बायकांनी ती अशी उचलली की मुकादमाचे कान लाल झाले. त्यानं आवाज वाढवला. आईनंही वाढवला. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. मध्येच तिनं छातीवर हात दाबून धरला आणि लगेच काढला. लेकीनं ते पाहिलं. ऊन लागलं असेल, असं तिला वाटलं.

संध्याकाळी घरी आल्यावर आईनंच तिला विचारलं, "दमलीस का ग? दिवसभर उन्हात उभी होतीस."

"फार," लेक म्हणाली आणि आडवी झाली.

आईनं तिच्या उशाशी पाणी ठेवलं. "तूही एक ओळ घाल की गाण्यात. एवढं वाचतेस."

"मला कुठं गाता येतं?"

"गायला कोण सांगतंय? मनातलं बोल. ओढून न्यायला आम्ही आहोत."

सकाळी आई उठली नाही.

पुढचं सगळं उरकलं आणि लेक रानात गेली. आईची ओळ अर्धी राहिली होती; उरलेल्या बटाट्यांवर बायकांनी माती ओढून ठेवली होती.

"ताई, तुम्ही कशाला?" मुकादमानं विचारलं. त्याचा आवाज खाली आला होता.

"ओळ पुरी करायची आहे."

"मग जरा उरका. ट्रक उभा आहे." त्यानं भोंगा लावला.

हात पळू लागले. लेकीचेही पळाले. बोटांच्या पेरांत माती भरली, कंबर मोडून आली. शेजारी सून एक हात पोटाखाली धरून वेचत होती. ती एक वाफा मागं पडली, मग दुसरा. मुकादम तिच्याकडे बघू लागला. बायकाही बघत होत्या, पण गाणं धरणारी बाई नव्हती.

"खडी फोडली मी ग," लेक म्हणाली. ते गाणं नव्हतंच, घोगरं बोलणं होतं. कुणाला ऐकूच गेलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं. पलीकडच्या काकूनं मान वर केली आणि ओळ झेलली. मग दुसरीनं. भोंगा ओरडत राहिला, पण हात एकेक करून त्याच्यापासून सुटत गेले. सून बरोबरीला आली.

मुकादम तरातरा ट्रॅक्टरकडे गेला. आवाज आणखी वाढवायला हात घातला आणि तसाच थांबला. कधीतरी त्यानं भोंगा बंद केला.

आईची शेवटची ओळ होऊन गेली होती. आता नवी ओळ यायला हवी होती. बायका हातातले बटाटे हातात धरून थांबल्या.

"घाल ग," काकू म्हणाली. "आम्ही आहोत."

लेक मातीकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "दमलीस का ग?"