तडा गेलेल्या तव्याचं गुपित

मी एक बिडाचा तवा आहे. एवढं तरी नक्की. बाकी कशाचीच मला खात्री नाही, म्हणूनच बोलायला घेतलंय.

तव्याला तोंड नसतं म्हणतात. पण माझ्या कडेला एक चोच आहे, जास्तीचं तेल ओतून टाकायला. तिच्यातूनच हे शब्द ओघळताहेत असं समजा.

वाळूच्या साच्यात लालभडक बीड ओतलं आणि मी झालो. लुईझियानाच्या दलदलीतल्या एका गावात, खाडीकाठच्या दुकानातून यूला मावशीने मला विकत घेतलं. डुकराची चरबी चोळून चोळून तिने मला काळं कुळकुळीत केलं. पुढे भाचीच्या, ओदीलच्या लग्नात तिने मला भेट दिलं आणि बजावलं, "याला साबण लावशील तर बघ. आणि याने नुसते मासेच तळायचे नाहीत, हे विसरू नकोस."

ओदीलने मान डोलावली. मला मात्र तेव्हापासून कोडं पडलं. नुसते मासे तळायचे नाहीत, तर मग आणखी काय करायचं?

ओदीलचा नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला गेला आणि तिकडचाच झाला. मागे राहिलो आम्ही तिघं: ओदील, तिची लेक नोएमी आणि मी. सकाळी ओदील लेकीची वेणी घालायची, मग शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण रांधायची, आणि घरी येऊन पुन्हा आमचा स्वयंपाक. माझ्यात पीठ परतून परतून चॉकलेटी करताना तिला उभ्या उभ्या डुलकी लागायची. पीठ करपलं की ती मला शिव्या घालायची. माझा काय दोष होता?

या सगळ्यावर आणखी एक काम होतं. ते या घरातल्या बायकांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं.

आमच्याकडे ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपवास असतो, आणि शुक्रवारी मटण वर्ज्य. जो माणूस सलग सात वर्षं तो मोडतो, तो रूगारू होतो. धड माणसाचं, डोकं लांडग्याचं. ओली केसाळ कुत्री दिसतात तसा दिसतो. पण या रूगारूची एक खोड आहे. समोर बारीकसारीक वस्तू दिसल्या की त्या मोजल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही, आणि बाराच्या पुढे त्याला मोजता येत नाही. म्हणून आमच्या गावात घरोघरी खिडकीच्या कट्ट्यावर तेरा वस्तू मांडलेल्या असतात. कुणाकडे शिंपले, कुणाकडे बटणं. आमच्याकडे राजम्याचे तेरा दाणे. पाहुणा आला की पोरं त्याला हटकून ते मोजायला लावतात.

रूगारू खिडकीशी अडकला की ओदील मागच्या दाराने वळसा घालून जायची. मारायचं नाही, रक्ताचा एक थेंब काढायचा. थेंब पडला की त्याचा पुन्हा माणूस होतो. मात्र ज्याने थेंब काढला, त्याने एक वर्ष आणि एक दिवस अळीमिळी गुपचिळी धरायची. तो कोण होता हे तोंडातून निघालं, तर सांगणाराच रूगारू होतो.

त्या सकाळी उजाडत होतं. ओदील माझ्यात अंडी फोडणार, एवढ्यात खिडकीशी घोगरा आवाज आला. "दहा... अकरा... बारा..." मग थोडं थांबून, "एक... दोन..."

सुरी शोधायला वेळ नव्हता. तिने मलाच उचललं.

मी काही लढवय्या नाही. मला फक्त वाऱ्याचा झोत जाणवला आणि मग ठाण्‌कन आवाज. माझी चोच त्याच्या कपाळात घुसली. तो चिखलात कोसळला, अंगावरचे केस गळाले, आणि पाहतो तर काय, गावातला होड्या दुरुस्त करणारा ओविद गिद्री! ओदीलने त्याच्यावर जुनी चादर टाकली आणि त्याने डोळे उघडायच्या आत आम्ही घरात पळालो.

चोचीपासून कडेपर्यंत मला एक बारीक तडा गेला होता. तिने मला पुसलं आणि माझ्यातच अंडी तळली. नोएमी शाळेला निघाली होती ना.

त्या दिवसापासून ओदील फळीवरच्या बरणीत रोज राजम्याचा एक दाणा टाकू लागली. वहीत लिहिणंही सांगण्यासारखंच, अशी तिला धास्ती. तीनशे सहासष्ट दाणे झाले की ती मोकळी.

आणि महिन्याभरात, काय सांगू, ओविद आमच्याच दारात! हातात खेकड्यांची टोपली, कपाळावर पट्टी.

"पायरी खिळखिळी झालीय तुमची," तो म्हणाला. "नीट करून देतो."

"पायरीचं मला ठाऊक आहे," ओदील म्हणाली. "खेकडे कशाला?"

"पायरी दुरुस्त करताना भूक लागते."

नोएमी पुढे झाली. तिचे पुढचे दोन दात पडलेले. "काका, दाणे मोजा आधी."

ओविदने खिडकीशी वाकून मोजले. तेराव्या दाण्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. नोएमी खिदळली, "मोजता आलं म्हणून रडतात का कुणी?"

मग तो येतच राहिला. शुक्रवारी आला की फक्त मासेच खायचा, मटणाकडे बघायचाही नाही. ओदील हसायला लागली. पीठ करपणं कमी झालं. यूला मावशी नाक मुरडायची. "पायरी किती दिवस दुरुस्त होतेय गं? जहाज बांधतोय की काय?"

मी चुलीवर बसून हे पाहायचो आणि माझं डोकं चक्रावायचं. ज्याचं कपाळ मी फोडलं, त्याच्यासाठी मी मासा तळतोय. मी हत्यार की भांडं? वैरी की सोयरा?

एका दुपारी तड्यातून तेल झिरपून चुलीवर धूर झाला. ओविदने मला उचललं. दुरुस्ती करणारा माणूस, त्याने तड्यावरून बोट फिरवलं. मग चोचीवरून. मग ते बोट सावकाश आपल्या कपाळावरच्या व्रणावर गेलं.

"ओदील, हा तवा कशाने तडकला?"

ती खेकडे फोडत होती. हात थांबला. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. तेवढ्यात अंगणातून नोएमीची हाक आली, "आई, माझा बूट चिखलात अडकला!" ओदील तशीच धावत बाहेर गेली.

परत आल्यावर ओविद इतकंच म्हणाला, "उद्या टेक्सासला निघतोय. होड्यांच्या कारखान्यात काम मिळालंय."

"कधी ठरलं?"

"आत्ताच."

तो गेल्यावर तिने मला इतकं घासलं की माझी चरबी सुटली. मला वाटलं, माझ्यामुळेच झालं हे. मी ना धड तोंड मिटलं, ना धड उघडलं.

बरणी भरत राहिली. तिच्याकडे पाहून ओदील कधी कधी म्हणायची, "तेवढं संपलं की पत्र लिहीन. सगळं सांगेन."

आणि मग तो सोमवार आला. आमच्याकडे सोमवारी राजमा-भात. ओदील शाळेत, यूला मावशी आमच्याकडे आलेली. संध्याकाळी दार उघडताच ओदीलला वास आला. तिने फळीकडे पाहिलं. बरणी धुऊन पालथी घातलेली.

"मावशी! बरणीतला राजमा?"

"शिजवला. सोमवारी राजमा नाही तर काय दगड शिजवू?"

"किती होते? मोजले होतेस?"

"राजमा कुणी मोजून शिजवतं का गं? बरी आहेस ना?"

नोएमी ताट पुसून खात होती. ओदील मटकन खाली बसली. तिचे दिवस सगळ्यांच्या पोटात गेले होते. वर्ष झालं की नाही, हे आता ती कुणाला विचारणार? चुकून एक दिवस आधी बोलली, तर लेकीची वेणी कोण घालणार?

तिने पत्र लिहायचं सोडून दिलं. ईस्टर जवळ आला. पीठ पुन्हा करपू लागलं.

एका सकाळी पायरी वाजली. ओविद उभा होता, केस वाऱ्याने विस्कटलेले, हातात खेकडे. ओदील दारात आली, पण तोंड घट्ट मिटून. तिच्या डोळ्यांत नुसती भीती.

नोएमी ओरडली, "काका, दाणे मोजा!"

"तेरा," तो खिडकीकडे न पाहताच म्हणाला. मग ओदीलकडे वळला. "मला किती दिवस बाराच्या पुढे जाता येत नव्हतं. त्या सकाळी चिखलात जागा झालो आणि तेरा म्हणालो. मग थांबलोच नाही, त्या दिवसापासून एकेक दिवस मोजत राहिलो. आज तीनशे सदुसष्टावा दिवस."

ओदीलने चौकट धरली.

"इथे राहिलो असतो तर वर्ष सरायच्या आतच तू बोलली असतीस," तो म्हणाला. "तुझ्या ओठांवर आलं होतं ते. म्हणून गेलो."

ओदील हसता हसता रडत म्हणाली, "मीच मारलं होतं रे. अंड्याच्या तव्याने."

"अंडी तरी वाया गेली नाहीत ना?" ओविदने विचारलं.

आता माझ्या तड्यातून पार उजेड दिसतो. स्वयंपाकाला नवा तवा आलाय. मला त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलंय, तेरा दाणे माझ्यातच असतात. ओविद सकाळी जाता-येता मला कपाळ टेकवतो.

पण माझा घोळ काही मिटला नाही. तोंडाने ओदील बोलली नाही हे खरं, पण माझा तडा तर वर्ष सरायच्या आतच बोलून गेला होता. मग शाप कुणाला लागतो? तव्याचा रूगारू होतो का? हल्ली दाणे मोजताना मी बाराशी जरा अडखळतो, ते म्हातारपणामुळे की कशामुळे, कळत नाही.

तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. आणि एक विनवणी. आता हे तुम्हीही ऐकलंय. एक वर्ष आणि एक दिवस, कुणाला सांगू नका.