चादरीवरचा समुद्र

साल्तो शहरात जुन्या कॅसेटी नीट करून देणाऱ्या ग्रासिएला तेचेराकडे दोन्या झुल्मा, म्हणजे झुल्माबाई, आल्या, त्या बगलेत थर्मास, एका हातात माते नावाचा कडू पाल्याचा चहा प्यायचं भोपळ्याचं भांडं आणि दुसऱ्या हातात कॅसेट घेऊन. कॅसेट टेबलावर ठेवून त्यांनी आधी स्वतःला माते ओतलं.

लग्नानंतर नवरा-बायको समुद्रावर गेले होते तेव्हाची फिल्म होती. नवरा हेबेर कायम कॅमेऱ्यामागे, त्यामुळे फिल्मभर नुसत्या दोन्या झुल्माच. पुढे बऱ्याच वर्षांनी हेबेरने जेवणघरात चादर टांगली, प्रोजेक्टर लावला आणि मेव्हण्याचा व्हिडिओ कॅमेरा मागून आणून चादरीवरचं चित्र कॅसेटवर उतरवून घेतलं. मूळ रिळं नदीच्या पुरात गेली. नंतर हेबेरही गेला; पुरात नाही, छातीत कळ येऊन. उरली ही कॅसेट, आणि ती इतकी लुकलुकायची की एका व्याह्यांना बघता बघता भोवळ आली होती. आपल्या ऐंशीव्या वाढदिवसाला ती सगळ्यांना धडपणे बघता यावी, एवढीच दोन्या झुल्मांची इच्छा.

ग्रासिएलाने त्यांना समजावलं, की प्रोजेक्टर आपल्या चालीने चालतो, व्हिडिओ कॅमेरा आपल्या. ताल जुळत नाही, म्हणून चित्र घडीत उजळ, घडीत काळं.

"म्हणजे आमच्यासारखंच," दोन्या झुल्मा म्हणाल्या.

आवाज नको, असंही त्यांनी बजावलं. आवाज म्हणजे प्रोजेक्टरची खडखड. घरात सगळे टीव्ही मुका करूनच बघायचे.

ग्रासिएलाने पहिल्यांदा मागची-पुढची चित्रं एकमेकांत मिसळली. लुकलुक गेली, पण पाण्यात उभी राहून हात हलवणाऱ्या तरुण झुल्माचा हात धुरासारखा विरून गेला. दोन्या झुल्मांनी बघितलं आणि हात कुठे गेला म्हणून विचारलं. मग तिने सगळं पुसून एकेक चित्र घेऊन त्याचा उजेड तेवढा सारखा करायला घेतला. काही आठवडे गेले. समुद्र शांत झाला, हात परत आला.

आवाज काढून टाकण्याआधी सवयीने तिने खडखड गाळून बघितली. खडखडीखाली कुणी पुरुष बोलत होता; चादरीवरचं चित्र उतरवताना कॅमेऱ्याने जेवणघरातलं बोलणंही टिपलं होतं. तिने काम तिथेच थांबवलं आणि दोन्या झुल्मांना बोलावून घेतलं.

"ही पिरियापोलिसच्या किनाऱ्यावर," आवाज म्हणाला. "लग्न झाल्या झाल्या."

"अटलांटिडा," एक बाई म्हणाली.

"पिरियापोलिस."

"अटलांटिडा, हेबेर. खोलीत उंदीर निघाला होता."

"निघालाच होता," ग्रासिएलाशेजारी बसलेल्या दोन्या झुल्मा म्हणाल्या.

कॅसेटमधली खुर्ची सरकली. बाईची पावलं पाणी तापवायला आत गेली. पडद्यावर तरुण झुल्मा लाटांत शिरत होती. मग हेबेरचा आवाज कॅमेऱ्याजवळ आला, हलका.

"अटलांटिडाच होतं. उंदीर मीच मारला. पण ही चिडली ना, की बघत राहावंसं वाटतं."

पुढे नुसती खडखड.

 दोन्या झुल्मांनी मातेचं गार झालेलं भांडं टेबलावर ठेवलं.

"मेला," त्या म्हणाल्या. "जन्मभर पिरियापोलिस, पिरियापोलिस करत राहिला."

त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. निघताना दारात थांबून म्हणाल्या, "आवाज राहू दे. कबुलीचा जरा वाढव."

वाढदिवसाला ग्रासिएलालाही केक खायला बोलावलं होतं. हेबेर बोलायला लागला तशी खोलीतली तोंडं चालायची थांबली. त्याची नेली नावाची धाकटी बहीण आजवर पिरियापोलिसच्याच बाजूची. ती म्हणाली, नीटसं ऐकू आलं नाही.

दोन्या झुल्मांनी पुन्हा लावलं. नेलीला या वेळी कानाचं कारण पुरलं नाही. ती केकचं ताट घेऊन आत निघून गेली. पण दोन्या झुल्मांचं तिकडे लक्षच नव्हतं. खुर्ची टीव्हीपाशी ओढून त्या तिसऱ्यांदा ऐकत होत्या.