सातव्या मिनिटाचा आवाज

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावात हरीश टिपणीसला कुणी फारसं विचारत नसे. तिथल्या बिझनेस पार्कात पंचवीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळले; बढत्या मागून आलेल्यांना मिळाल्या. पण जगात तीन-चारशे माणसं अशी होती, की त्याचं नाव निघालं की कान टवकारायची. सत्तरच्या दशकातल्या इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉकने वेडी झालेली ही माणसं. त्यातही ‘कासा देल्ले लुचेर्तोले’, म्हणजे सरड्यांचं घर, या मिलानच्या बँडबद्दल हरीश म्हणेल ते शेवटचं.

या बँडने एकच अल्बम काढला, १९७३ साली. तो खपला नाही, बँड फुटला, आणि ऑर्गन वाजवणारा त्यांचा म्होरक्या वर्षभरात गाडीच्या अपघातात गेला. अल्बमच्या दुसऱ्या बाजूला अकरा मिनिटांचं एक गाणं आहे. सातव्या मिनिटाला सगळी वाद्यं थांबतात, फक्त ऑर्गन खाली घुमत राहतो आणि एक बाई काहीतरी म्हणू लागते. भाषा इटालियन नाही. बँडने स्वतः रचलेली ती सरड्यांची बोली, असंच सगळे मानत आले होते.

हरीशने ते पहिल्यांदा ऐकलं बर्मिंगहॅमच्या एका दुकानात, हेडफोन लावून, उभ्या उभ्या. बाई स्वच्छ मराठीत म्हणत होती, “मला घरी जायचंय.” पुढचं ऑर्गनमध्ये बुडालं होतं.

बायको, मंजिरी, सोडली तर त्याने हे कुणाला सांगितलं नाही. योग्य वेळेसाठी जपून ठेवलं. गेल्या वर्षी लंडनच्या एका छोट्या कंपनीने अल्बम नव्याने काढायचं ठरवलं, सोबतची पुस्तिका लिहायचं काम हरीशला दिलं, आणि मूळ टेपवरून त्या बाईचा आवाज सुटा करून पाठवला. टेपच्या खोक्यावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: एलिशेबा, भारतीय मुलगी.

आता शब्द न् शब्द कळत होता. “मला घरी जायचंय. हे मूल मला नको. कुणीतरी काढा हे माझ्यातून. मरू दे ते.”

हरीशने दोनदा ऐकलं. आणि खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला.

एलिशेबा नाव आणि बोलणं मराठी, म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले मराठी ज्यू. लंडनमध्ये ती घरं मोजकीच; विचारपूस त्याने तिथूनच सुरू केली. गिडियन नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दुसऱ्याच फोनला पत्ता दिला: एलिशेबा किहीमकर, वेम्बली, ईलिंग रोडच्या मागच्या गल्लीत. लग्न केलं नाही. मुलगी नताली सोबत राहते, आईचं सगळं तीच करते.

दार नतालीने उघडलं. पन्नाशीची, थकलेली, हसरी. एलिशेबाबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. कुणी मराठी माणूस आलाय म्हटल्यावर त्यांनी हलव्याचा डबा काढायला लावला.

“किती वर्षांनी घरात मराठी ऐकतेय,” त्या म्हणाल्या. “हिला नाही हो शिकवलं मी. राहूनच गेलं.”

हरीशने लॅपटॉप उघडला. काय ऐकवणार, ते आधी सांगितलं नाही. चेहरा कसा बदलतो, ते त्याला पुस्तिकेत लिहायचं होतं. ऑर्गन सुरू झाला, मग आवाज. एलिशेबाबाईंचा हात डब्यावर होता तिथेच राहिला.

“मम, तू आहेस ही? डॅडच्या बँडबरोबर?” पडद्यावरचं बँडचं इटालियन नाव वाचून नताली इंग्रजीत जवळजवळ ओरडलीच. वडील इटालियन वादक होते आणि ती जन्मायच्या आधी गेले, एवढंच तिला ठाऊक होतं. ती हरीशकडे वळली. “काय गातेय ती?”

एलिशेबाबाई नतालीकडे न बघता मराठीत बोलल्या. “मी गात नव्हते. तेवीस वर्षांची होते, मिलानला परक्या घरी मुलं सांभाळत होते. लग्न करणार नाही म्हणून त्या ऑर्गनवाल्याने स्टुडिओतच सांगितलं मला. मशीन बंद आहे असं वाटलं होतं मला. तिला सांगा अंगाई आहे. तुमच्या पाया पडते.”

“अंगाई आहे,” हरीश इंग्रजीत म्हणाला. “पोटातल्या बाळासाठी.”

नतालीने तोंडावर हात ठेवला. मग आईच्या गुडघ्यांशी बसून तिने तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. आणखी तीनदा.

निघताना एलिशेबाबाईंनी हरीशचा हात धरला. “लिहिणार नाही असा शब्द द्या.”

“दिला, मावशी.”

महिनाभर त्याने शब्द पाळला. पण अंगाईचा मजकूर लिहायला बसला की हात चालेना. अंगाई काय, कुणीही गातं. आपल्या हाती लागलंय ते पन्नास वर्षांत कुणाच्या हाती लागलं नव्हतं. त्याने खरं ते लिहिलं, अर्थासकट, नावासकट.

मंजिरीने मजकूर वाचला. “शब्द दिला होतास ना त्या बाईंना?”

“हा इतिहास आहे, मंजिरी. माझ्या मालकीचा नाही तो.”

“मग नाव तरी काढ त्यांचं.”

नाव काढलं तर पुरावा काय राहिला? त्याने नाव ठेवलं, शेवटी आभारही मानले. आभार मानलेल्यांना कंपनी एकेक प्रत पाठवायची. पत्ते हरीशनेच दिले. यादी करताना वेम्बलीच्या पत्त्यावर तो क्षणभर थांबला, आणि पुढे गेला.

प्रकाशन बर्मिंगहॅमच्या एका रेकॉर्डच्या दुकानात झालं, शनिवारी दुपारी. चाळीसेक लोक होते. हरीशने सातवं मिनिट ऐकवलं, अर्थ सांगितला. लोक श्वास रोखून ऐकत होते. आयुष्यात त्याच्यासाठी एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या.

प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतून एक हात वर झाला. नताली होती.

“ते मराठीत म्हणून दाखवाल?” तिने इंग्रजीत विचारलं. “हळू. दुसरं वाक्य.”

हरीशने तिला ओळखलं. पण सगळे त्याच्याकडे बघत होते. “हे मूल मला नको,” तो म्हणाला.

“हा मूल मला नको,” नताली म्हणाली.

“हे,” हरीशच्या तोंडून निघून गेलं. “हे मूल.”

“हे मूल मला नको.” या खेपेला बरोबर आलं. लोकांना वाटलं, कुणी हौशी चाहती आहे. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. नतालीने ते वाक्य ओठातल्या ओठात आणखी एकदा घोळवलं, पर्स उचलली आणि ती गेली. हरीशसमोर सह्यांसाठी रांग लागली होती. तो बसून राहिला.

तीन आठवड्यांनी गिडियनचा फोन आला. एलिशेबाबाईंना केअर होममध्ये ठेवलं होतं. नताली एकदाही फिरकली नव्हती.

“जेवत नाहीत, बोलत नाहीत,” गिडियन म्हणाले. “मुलगी कायतरी मराठीत बोलली म्हणतात. तिला मराठी कुठून येणार हो? कुणी शिकवलं असेल?”

“कल्पना नाही,” हरीश म्हणाला.

त्याच आठवड्यात कंपनीची ईमेल आली. सगळ्या प्रती संपल्या होत्या, पुस्तिकेतल्या सातव्या मिनिटाच्या पानामुळेच. दुसरी आवृत्ती काढायची होती. काही बदल हवेत का, असं विचारलं होतं. हरीशने पान काळजीपूर्वक वाचलं. मिलानच्या स्पेलिंगमध्ये एक चूक होती, तेवढी दुरुस्त करून त्याने होकार कळवला.