हात आत का जातो

माणसाच्या हाताएवढी अमूल्य वस्तू साऱ्या सृष्टीत नाही, असं कंपनीच्या भिंतीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं. शेजारी रंगवलेल्या हाताला बोटं चारच होती. पेंटरची जागा संपली होती.

त्या भिंतीकडे पाठ करून बसणाऱ्या डिझायनरला आठवडाभर चैन नव्हती. त्याने बेतलेली, पत्र्याचे नग दाबून काढणारी प्रेस सोमवारी ज्या कारखान्यात जाणार होती, तिथे ती चालवणार होते त्याचेच भावोजी. धोक्यांच्या तक्त्यात ‘हात सापडणे’ या ओळीपुढे आकडा लाल येत होता. मॅनेजर म्हणाले, शक्यता जरा कमी धरा, हिरवा होईल. त्याने धरली. आकडा हिरवा झाला, प्रेस होती तशीच राहिली.

शेवटी त्याने भावोजींनाच चाचणीला बोलावलं. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली यायची नाही, तेव्हा हात आत राहायचा प्रश्नच नाही, हे त्याने त्यांना दोनदा समजावलं. भावोजींनी मान डोलावली, एक बटण कोपराने दाबलं, दुसरं त्याच हाताच्या बोटाने, आणि मोकळा हात हवेत हलवून दाखवला. डिझायनरने बटणं लांब नेली. भावोजींनी गुडघा लावला. त्याने बटणांवर टोप्या बसवल्या. भावोजींनी झाडूचा दांडा मागवला.

“भावोजी, हात नकोसा झालाय का तुम्हाला?”

“तासाला तीनशे नग काढायचे असतात, साहेब.”

“पण हात आत घालायचाच कशाला?”

“हौस म्हणून.” भावोजींनी पेचकस उचलला आणि पत्र्याचा नग डायमधून, म्हणजे खालच्या साच्यातून, उचकटायला लागले. “सकाळपासून बघतोय, प्रत्येक नग आत चिकटून बसतो. तो काढायला काय तुमची ताई येणार आहे?”

डिझायनरने आपला तक्ता उघडला. हात बाहेर कसा ठेवायचा, यावर त्याने बारा पानं भरली होती. तो आत का जातो, याला तक्त्यात रकानाच नव्हता.

मग कंपनीच्याच जुन्या प्रेसवर हे कसं भागत होतं, म्हणून त्याने तिचा नकाशा काढला. डायखाली एक स्प्रिंग होती. नग आपोआप बाहेर ढकलला जायचा. नव्या नकाशात ती गाळलेली होती. बदलाचं कारण लिहिलं होतं: ‘मशीन सुटसुटीत दिसावे म्हणून.’

खाली सही त्याचीच होती.